बोडी आमची होती, पाणी आमचं नव्हतं

कोहमाऱ्याला इतिहास नाही, असं मी नोकरीभर म्हणत आलो. वर्गात म्हणालो, लग्नकार्यांत म्हणालो, नागपूरच्या मित्रांमध्ये तर जरा जोरातच म्हणालो. मी शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवायचो, त्यामुळे असं बोलण्याचा मला अधिकार आहे असं ऐकणाऱ्यांना वाटायचं, आणि मलाही. ज्या मुलांना मी हे शिकवलं ती आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्यापर्यंत हे मनोगत पोचेल की नाही, ठाऊक नाही. पण माझ्याकडून ते लिहून व्हायला हवं.

कोहमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं गाव. पश्चिमेचा रस्ता सौंदड, साकोली, भंडारा करत नागपूरला जातो. पूर्वेचा देवरीवरून राजनांदगाव, रायपूरला. उत्तरेचा गोरेगाववरून गोंदियाला आणि दक्षिणेचा नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, वडसा असा. पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता म्हणजे मुंबई–कोलकाता म्हणून ओळखला जाणारा महामार्ग. त्याचा क्रमांक बदलून आता ५३ झाला, तरी आमच्याकडे अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. रात्री-बेरात्री एसटी थांबते, माणसं उतरतात, चहा घेतात, दुसऱ्या गाडीची वाट बघतात. कोहमाऱ्याचं नाव सांगितलं की भंडारा-गोंदियातला माणूस म्हणतो, 'हो, तिथं गाडी बदलली होती.' माझं घर आणि शेत याच परिसरातलं, तरी माझ्याही मनात गावाची ओळख याहून मोठी नव्हती. रस्ते एकमेकांना छेदतात म्हणून तिथं माणसं थांबतात, एवढंच.

हा समज आला कुठून, ते नीट तपासायला मला उशीर झाला. पाठ्यपुस्तकात इतिहास म्हणजे किल्ले, तह, लढाया. विदर्भाचं काही शोधायचं तर मी नगरधनचा किल्ला सांगायचो, वाकाटक सांगायचो, फार झालं तर पवनीचा स्तूप. या सगळ्याला दगड आहे, राजाचं नाव आहे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, धानाच्या बांध्यांना (शेतांना) राजाचं नाव नव्हतं, म्हणून त्या माझ्या हिशेबात बसल्या नाहीत. भूगोलाचंही तसंच. महाराष्ट्र म्हणजे बेसाल्टचं पठार, काळी माती, सह्याद्री, हे मी फळ्यावर आखून शिकवलं. वर्गाच्या खिडकीतून दिसणारी जमीन त्या नकाशात बसत नव्हती. त्याबद्दल एकाही मुलाने विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

यामागे आणखी एक कारण आहे, ते जास्त लाजिरवाणं आहे. शिकायला नागपूरला गेलो तेव्हा वसतिगृहात माझ्या बोलण्याची नक्कल व्हायची. आम्ही 'पाणी'ला 'पानी' म्हणतो, ळ आणि ण आमच्या तोंडी बसत नाहीत. मी बोली सोडली. बोली सोडताना तिच्यासोबत आणखी काय काय सोडत गेलो ते तेव्हा कळलं नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर झाडीबोलीचा अभ्यास करत होते, शब्द गोळा करत होते, लोकांना लिहितं करत होते, आणि मी त्याच काळात मुलांच्या वह्यांमधले झाडी शब्द लाल शाईने खोडत होतो.

वर्गात एक उदाहरण मी हमखास द्यायचो. पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया नावाचा नवा देश झाला. त्या देशाने १९२० साली कायदा केला की प्रत्येक गावाने आपलं इतिवृत्त ठेवायचं. गावात वर्षभरात काय घडलं, पीक कसं आलं, पूर आला का, कोण आलं, कोण गेलं, हे लिहून ठेवायला माणूस नेमायचा. चेक प्रजासत्ताकात असा कायदा २००६ सालीही नव्याने झाला. हे सांगून मी म्हणायचो, 'बघा, तिथं चारशे वस्तीच्या खेड्यालाही लिहिलेला इतिहास आहे. आपल्याकडे काय आहे?' मुलं गप्प बसायची. त्यांना गप्प बसवणारं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते चूक होतं. गावकऱ्यांच्या हक्कांची सरकारी नोंद पलीकडच्या तहसिलीत कापडात बांधून ठेवलेली होती आणि ती एकदाही न उघडता मी मुलांना सांगत होतो की आपल्याकडे काही नाही.

आता बोडीबद्दल.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की बोडी म्हणजे लहान तलाव. उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि धानाला गरज पडली की खालच्या बांध्यांना सोडायचं. आमच्या घरच्या दोन बोड्या होत्या. एक वर, रस्त्याच्या अंगाला. दुसरी तिच्या खाली. वडील गेले, रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आला, आणि वरची बोडी विकायचा आग्रह मी धरला. दादा तयार नव्हता. त्याचा मुद्दा त्याला मांडता यायचा नाही, तो फक्त 'राहू दे ना' म्हणायचा. मी शिकलेला, बोलणारा. मी हिशेब मांडला: उन्हाळ्यात कोरडी पडते, बेशरमाच्या झुडपांनी भरली आहे, गाळ साचलाय, उपयोग काय? वहिनीने एकदाच विचारलं, 'खालच्यायचं काय?' त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे काही बोललोच नसेन.

बोडी विकली गेली. मुरूम पडला, पाळ सपाट झाली. खालच्या बांध्यांचे एक म्हातारे शेतकरी, ज्यांना आम्ही लहानपणापासून काकाजी म्हणतो, रस्त्याच्या कडेला उभे राहून ते बघत होते. मला म्हणाले, 'गुरुजी, पानी आता कोठी जाइल?' मी म्हणालो, 'पाणी आपली वाट काढते, काकाजी.' भूगोलाच्या मास्तरने दिलेलं हे उत्तर होतं. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पाण्याने वाट काढलीच. पावसाळ्यात वरून आलेला लोंढा थेट खालच्या बोडीवर आला आणि तिची पाळ एका जागी खचली. आणि आश्विनात, धान पोटरीत असताना पाऊस दडला, तेव्हा खाली सोडायला पुरेसं पाणी नव्हतं. हलकं धान लवकर निघतं, ते वाचलं. भारी धान करणाऱ्यांचं गेलं. हे मी डोळ्यांनी बघितलं, आणि सांगायला संकोच वाटतो, पण तरीही माझं मत बदललं नाही. मी म्हणालो, हवामान बदललंय. हेही खरंच होतं, म्हणून तर त्याच्या आड लपणं सोपं गेलं.

मत बदललं ते तहसिलीच्या अभिलेख कक्षात, आणि तेही मी आणखी एक विक्री करायला गेलो असताना.

खालच्या बोडीलाही गिऱ्हाईक आलं होतं. जुन्या मोजणीचे कागद हवे होते. तिथल्या कारकुनाने बस्ता काढून दिला आणि म्हणाला, यात तुमच्या गावाचं सगळं आहे, तुम्हीच बघा. जुना, कडा झिजलेला कागद. काही शब्द मराठी, काही फारसी वळणाचे, काही हिंदी. वर लिहिलं होतं 'वाजिब-उल-अर्ज'. हा शब्द मला माहीत होता. मध्यप्रांतात जमाबंदी झाली तेव्हा गावोगावच्या रूढी आणि हक्क ज्या कागदात नोंदवले गेले तो हा. निस्तार पत्रक त्याचं भावंड: जनावरं कुठे चरतील, जळण कुठून आणायचं, याची नोंद त्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्येही हे दोन्ही आहेत, निस्तार पत्रक कलम १६१ मध्ये आणि वाजिब-उल-अर्ज कलम १६५ मध्ये. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी ही कलमं पाठ करायला सांगितली होती. प्रत्यक्ष कागद आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होतो.

आधी मी नुसतं चाळत होतो. मला आमचा नंबर हवा होता. तो सापडला आणि त्याच्यापुढची ओळ वाचली. मग मागे जाऊन पहिल्यापासून वाचायला लागलो.

आमच्या वरच्या बोडीचं पाणी पहिल्यांदा कोणत्या बांध्यांना, मग कोणत्या, ते नंबरवार लिहिलेलं. सांडव्यावरून वाहणारं पाणी खालच्या बोडीत जाईल, ते कोणी मध्येच वळवणार नाही. पाळीवरून माणसांना आणि जनावरांना जायचा हक्क. मासे धरायचा हक्क ढिवरांचा. प्रत्येक नोंदीला आडनावं. मी त्या आडनावांवरून बोट फिरवत गेलो, आणि ती सगळी माझ्या ओळखीची होती. एकाचा पणतू माझा विद्यार्थी. एकाचं घर आमच्या घरासमोर. एक आडनाव काकाजींचं. ज्या पाण्याबद्दल त्यांनी मला रस्त्यावर विचारलं होतं त्या पाण्यावर त्यांच्या घराचा हक्क होता आणि तो सरकारी कागदात लिहिलेला होता. त्यांना तो कागद माहीत नव्हता. मला माहीत असायला हवा होता.

बोडी आमची होती, पाणी आमचं नव्हतं. सातबारावर आमचं नाव होतं म्हणून मी जे विकलं त्यातलं अर्ध्याहून जास्त माझं नव्हतंच. कोणी तक्रार केली नाही, कोणी अडवलं नाही. मी चोरी केली असं कोणी म्हणणार नाही. मी मात्र त्या बाकावर बसून दुसरा शब्द शोधत होतो आणि मला तो सापडला नाही.

तिथे बराच वेळ बसलो. कारकुनाने विचारलं, नक्कल पाहिजे का? मी हो म्हणालो, पण कशाची ते त्याला आणि मलाही नीट कळलं नसावं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी आयुष्यभर जो इतिहास शिकवला त्यात माणूस यायचा तो राजा म्हणून, सरदार म्हणून, नाहीतर नुसता 'रयत' म्हणून. या कागदात मासे धरणारा होता, गुरं पाण्यावर नेणारा होता, वरच्या बांधीचा होता, खालच्या बांधीचा होता, आणि प्रत्येकाचं दुसऱ्याशी काय नातं आहे ते ठरलेलं होतं. चेक गावाच्या इतिवृत्तात वर्षाच्या घडामोडी लिहितात. आमच्या कागदात घडामोड एकही नाही. त्यात रोजचं वागणं लिहिलंय. इतिहास नाही असं म्हणताना मी शोधत होतो घटना, आणि इथे लोकांनी जपली होती ती व्यवस्था.

त्यानंतर मी वाचायला बसलो, आणि जे समोर दिसत होतं त्याची कारणं एकेक करून कळत गेली. आमच्या पायाखालचा दगड सह्याद्रीचा बेसाल्ट नाही. बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. इकडचे आमगाव पट्ट्यातले नाईस खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने. महाराष्ट्राच्या नकाशात ज्या कोपऱ्याला मी कमी लेखलं तो वयाने सगळ्यात मोठ्यांपैकी आहे. हा दगड कठीण आणि घट्ट, त्याच्या पोटात पाणी फार मुरत नाही. पाऊस मात्र भरपूर, वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. जमीन सपाट नाही, लहान लहान उतारांची. धानाला तर शेवटच्या महिन्यातही पाणी लागतं. अशा ठिकाणी पाणी जमिनीच्या वरच साठवावं लागतं, आणि एका मोठ्या जागी साठवून भागत नाही, प्रत्येक उतारावर थोडं थोडं अडवावं लागतं. बोडी का, हे इतक्या सरळ रीतीने भूगोलाच्या तासाला सांगता आलं असतं. एका तासाचं काम होतं.

ही व्यवस्था उभी केली कोहळी समाजाने, असं रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ सालच्या ग्रंथात नोंदवलं आहे. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीहून आणलं, अशी आख्यायिकाही त्यात येते. जुन्या भंडारा जिल्ह्यात साडेतीन हजारांहून जास्त तलाव आणि बोड्या होत्या. त्यातला मोठा आमच्यापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर: नवेगावचा बांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं पाणी. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर म्हणून देव मानलं, त्यांचं ठाणं तिथे आहे. मी मुलांची सहल तिथे अनेकदा नेली. पक्षी दाखवले, मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते हे सांगितलं. हा तलाव माणसांनी बांधला, आणि आपल्या शेतातली बोडी याच तलावाची धाकटी बहीण आहे, हे सांगायला विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही, मला ते जोडताच आलं नव्हतं.

बोडीच्या ज्या गाळाला घाण म्हणून मी आधी नाक मुरडायचो, तो उन्हाळ्यात काढून बांध्यांत टाकायचा, म्हणजे बोडी खोल राहते आणि बांधीला खत मिळतं. पाळीला माती लावायची. तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, कधी उघडायची ते एकट्याने ठरवायचं नाही. पाणी आटत गेलं की बोडीच्या ओल्या पोटातही पीक घ्यायचं, धान निघाल्यावर बांध्यांत लाखोळी, जवस पेरायचा. शिंगाडा, कमळकंद, मरळ मासा ढिवरांच्या घरी. दादाला हे सगळं येत होतं. 'राहू दे ना' या तीन शब्दांत एवढं होतं, आणि मी त्याला म्हणालो होतो की तुझ्याकडे मुद्दा नाही.

पण नवं प्रेम जडलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो, तसं मला जायचं नाही. त्या कागदाला मी पोथी मानत नाही. तो मालगुजारीच्या काळातला आहे. गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराचा शब्द त्यात पहिला, बाकीच्यांचा नंतर. पाळीचं श्रेय कोहळ्यांना जातं, ते जावंच, पण पाट्या डोक्यावरून कोणी वाहिल्या? गोंडांनी, महारांनी, ढिवरांनी, बायकांनी. त्यांतल्या कितीकांची नावं कोणत्याच कागदावर नाहीत. काहींना गावाच्या पाण्याला हात लावायची मुभा नव्हती, आणि ज्या बोडीसाठी त्यांनी माती वाहिली तिच्याच काठावर त्यांना वेगळी जागा होती. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. ते मी वर्गात तारीख म्हणून सांगितलं. पाण्याशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न मी मुलांपुढे ठेवला नाही.

मालगुजारी गेली ते चांगलंच झालं. १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, मोठे तलाव सरकारकडे आले. पण गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी राखायची, याची जुनी घडी मोडली आणि नवी नीट बसली नाही. आज ज्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलाव, त्यांतले कितीतरी गाळाने भरले आहेत. आमच्याकडे सध्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारखे लोक ढिवरांना सोबत घेऊन बेशरम उपटतात, पाण्यातल्या जुन्या वनस्पती परत लावतात, देशी मासे परत आणतात. ही कामं सुरू असताना मी बोडी 'पडीक' म्हणून विकत होतो.

रस्त्याकडेही मला नव्याने बघावं लागलं. कोहमाऱ्याचा चौक म्हणजे कालची गोष्ट, असं मी समजायचो. पण इंग्रजांच्या काळात नागपूरहून भंडारा, साकोलीवरून रायपूर-संबलपूरकडे जाणारी जी 'ग्रेट ईस्टर्न रोड' म्हणून नोंदलेली सडक होती, तीच आजचा महामार्ग. शेजारच्या अर्जुनीला 'सडक अर्जुनी' म्हणतात ते याच सडकेमुळे, कारण दुसरी अर्जुनी मोरगावजवळ आहे. रेल्वे यायच्या आधी छत्तीसगडचं धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून नागपूरकडे जायचं. १९०८ च्या सुमारास गोंदियाहून नागभीडकडे बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद रेषा आली. तिने सौंदडला थांबा दिला, कोहमाऱ्याला नाही. म्हणून कोहमारा बैलगाडीचं, मग मोटारीचं गाव राहिलं.

आणि या रस्त्यांना आडवी आणखी एक वाट आहे, तिच्याबद्दल मी मुलांना कधीच सांगितलं नाही. वायव्येला नागझिरा, १९७० सालचं अभयारण्य. दक्षिणेला नवेगाव, १९७५ सालचं राष्ट्रीय उद्यान. २०१३ साली दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. या दोन जंगलांमधून प्राणी ये-जा करतात ते आमच्याच शिवारातून. साकोली ते देवरीच्या पट्ट्यात महामार्ग रुंद करायचं काम वनमंजुरीसाठी रखडलं होतं, तेव्हा वैतागणाऱ्यांत मी पुढे होतो. वाघासाठी माणसांना थांबवता का, असं मी तावातावाने बोललो आहे. पुढे जनावरांना खालून जाता यावं म्हणून या महामार्गावर उंच पूल झाले. गोंदियाचा रस्ता मात्र तसाच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, एका मोटारीने तरुण वाघाला उडवलं. मागचे पाय ओढत तो रस्त्याच्या कडेला सरकतोय, ती चित्रफीत सगळीकडे फिरली. नागपूरला नेताना तो वाटेत मेला.

ती चित्रफीत बघितली तेव्हा माझ्या पुढ्यात वाजिब-उल-अर्जची नक्कल होती. पाळीवरून जायचा हक्क, गुरांच्या वाटेचा हक्क, असं त्यात लिहिलेलं. वाघाचा हक्क अर्थातच लिहिलेला नाही. पण वाट कोणाचीही असो, ती बुजवताना आधी चालणाऱ्याला विचारायचं असतं, हे मी तोवर शिकलो होतो. काकाजींनी विचारलेला प्रश्न त्यांच्या बांधीपुरता नव्हता, हे तेव्हा नीट उमगलं.

मी खालच्या बोडीची विक्री थांबवली. दादाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पाळीच्या खचलेल्या जागेवर माती टाकायला सुरुवात केली आणि मी पाट्या उचलून दिल्या, जमतील तेवढ्या. काकाजींना नक्कल वाचून दाखवली. आजोबांचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, 'आता वाचून काय, गुरुजी?' त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. वरच्या बोडीवर आता गोदाम आहे. ते हलणार नाही. मी जे केलं ते भरून निघणारं नाही आणि हे लिहूनही ते भरून निघत नाही.

ज्यांना मी शिकवलं, आणि ज्यांना इतर कुणा मास्तरने असंच शिकवलं असेल, त्यांना माझं एक मागणं आहे. तुमचं गाव पूर्व विदर्भातलं असेल, तर तहसिलीत जा. गावाचं वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक मागा. अर्ज करावा लागतो, थोडी फी भरावी लागते, नक्कल मिळते. घरी आणून मोठ्याने वाचा, आणि ज्यांची आडनावं त्यात येतात त्यांना बोलावून वाचा. जमीन विकायची असेल तर विकायच्या आधी वाचा.